सा.न.वि.वि. ते हहपुवा

‘डीपी बदलली’ हे वाक्य कुठे कानावर पडतं, यावर त्याचा अर्थ ठरतो. उसाच्या पट्ट्यात कोणी असं म्हणालं, तर जळालेला ट्रान्सफॉर्मर जाऊन दुसरा आला, आता रात्रीच्या लाइटवर का होईना पण मोटारी चालतील, असा त्याचा अर्थ. महापालिकेच्या दारात डीपी म्हणजे शहराचा विकास आराखडा. तो बदलला की कोणाच्या तरी जागेवरचं आरक्षण उठतं आणि दुसऱ्या कोणाच्या तरी जागेवर पडतं. पुण्यात तर ‘डीपी रोड’ हा सरळ पत्ताच आहे. आणि कॉलेजच्या कट्ट्यावर डीपी बदलली म्हणजे कोणीतरी फोनमधला स्वतःचा फोटो बदलला. नव्या फोटोत शेजारी कोण उभं आहे, यावर मग संध्याकाळपर्यंत खल चालतो. ‘टीसी’चीही तीच कथा. शाळेच्या कचेरीत तो दाखला असतो, रेल्वेच्या डब्यात तिकीट तपासणारा माणूस असतो, आणि चॅटच्या शेवटी ‘टेक केअर’, म्हणजे जपून राहा, असतो.

यातल्या कुठल्याच जागी कोणाचा घोटाळा होत नाही. शेतकऱ्याला शेतकऱ्याची डीपी कळते, पोरांना पोरांची. अक्षरं एका गोतावळ्यातून उठून दुसऱ्यात गेली की पंचाईत होते. चॅटमधल्या लघुरूपांविरुद्ध जी ओरड चालते, म्हणजे पोरांनी भाषेची वाट लावली, दोन ओळी धड लिहीत नाहीत वगैरे, तिच्यात भाषेची काळजी थोडी आणि आपल्याला त्या गोतावळ्यात धरलेलं नाही याचा सल जास्त असतो. आजकाल फिरणारं एक लघुरूप तर हे तोंडावर सांगतं: ‘आयवायकेवायके’. ज्याला कळलं त्याला कळलं.

आखूड लिहिणं हा मराठी माणसाचा जुना, मुरलेला उद्योग आहे. त्याला रीतही होती. समोर कोण आहे हे पाहून ती ठरायची, वाचलेली अक्षरं कोणी मोजत नसे.

०००

ज्यांच्या माळ्यावर तारेला ओवलेली जुनी पत्रं अजून शिल्लक आहेत, त्यांनी एखादं काढून पाहावं. माथ्यावर ‘श्री’. खाली ‘ती. बाबांस शि.सा.न.वि.वि.’, म्हणजे तीर्थरूप बाबांना शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. बरोबरीच्या माणसाला ‘स.न.वि.वि.’, इथे साष्टांग जाऊन सप्रेम आलं. धाकट्याला ‘चि.’ आणि ‘अ.उ.आ.’, अनेक उत्तम आशीर्वाद. शेवटी ‘क.लो.अ.’, म्हणजे कळावे, लोभ असावा; सही झाल्यावर काही आठवलं तर ‘ता.क.’, आणि पत्त्यात ‘मु.पो.’. वडिलांना तीर्थरूप आणि वडिलांच्या जागी असणाऱ्यांना तीर्थस्वरूप, म्हणून एका ठिकाणी ‘ती.’ आणि दुसरीकडे ‘ती.स्व.’. एवढ्याशा ‘स्व’मध्ये नातं मावलेलं असायचं, आणि तो चुकला तर लग्नकार्यात आठवण करून दिली जायची.

आज लघुरूप लिहिलं की मान कमी केला, असं वाटतं. त्या पत्रांत नेमकं उलट होतं. मान तेवढा लघुरूपात असायचा. पाऊस किती झाला, गाय व्याली का, मनिऑर्डर पोचली की नाही, हा मजकूर मात्र अक्षरन् अक्षर लिहिलेला असायचा. ज्यावर दोन्ही बाजूंचं आधीच एकमत आहे ते आखडायचं आणि नवी बातमी पूर्ण लिहायची, हा तो व्यवहार. याहून चांगला नियम मला आजवर कुठल्या चॅटच्या शिष्टाचारांत दिसलेला नाही.

मोडी कागदांत तर ही आखूडगिरी पावलोपावली भेटते. मौजे म्हणायचं तिथे ‘मौ’ लिहून पुढे दोन उभे दंड, तारखेच्या आधी नुसता ‘छ’, म्हणजे चंद्र. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. तशी छापील साधनं हाताळणाऱ्या नव्या अभ्यासकाची पहिली झटापट पेशवाईतल्या राजकारणाशी होत नाही, या दंडांशी आणि टिंबांशी होते. ज्या कारकुनाने ते लिहिलं त्याला ते बाळबोध वाटत होतं. त्याचा गोतावळा संपला आणि मागे कोडं उरलं.

या रीतीचं कौतुक करताना तिची दुसरी बाजू झाकू नये. पुरुषाचा ‘चि.’ सुटला की पुढे आयुष्यभर ‘श्री.’ पुरायचा. बाईला मात्र ‘कु.’, मग ‘सौ.’, आणि नवरा गेला की ‘गं.भा.’. लग्नपत्रिकेवरच्या दोन अक्षरांत तिचं कुंकू आहे की पुसलं हे गावाला कळायचं. २०२३च्या एप्रिलमध्ये विधवांसाठी ‘गंगाभागीरथी’ हा शब्द सरकारी पातळीवर वापरण्याचा प्रस्ताव चर्चेत आला आणि त्यावर टीकेची झोड उठली, ती याच जुन्या ओझ्यामुळे. लघुरूप निरुपद्रवी असतं असं समजणाऱ्यांनी ‘गं.भा.’ आठवावं.

आपण माणसंही आखडली. पु. ल. देशपांडे पुलं झाले, ग. दि. माडगूळकर गदिमा झाले, जी. ए. कुलकर्णी जीए, व. पु. काळे वपु. या नावांत एक गोष्ट पाहण्यासारखी आहे, पुढे तिचं काम पडणार आहे. ‘पु’ला उकार आहे, ‘दि’ला इकार आहे. मराठी लघुरूप शब्दातलं पहिलं अक्षर मात्रेसकट उचलतं, म्हणून ते तोंडाने म्हणता येतं. गदिमा हे थेट नाव वाटतं. इंग्रजी आद्याक्षरांना बहुतेकदा हे भाग्य नसतं, ती एकेक करून मोजावी लागतात.

पैशाने शब्द मोजायला लावले ते तारेने. मराठी घरात तार आली की उघडण्याआधीच रडारड सुरू व्हायची. ‘मदर सीरियस, स्टार्ट इमीजिएटली’ एवढ्या चार शब्दांवर किती सैनिकांना आणि गिरणी कामगारांना रजा मिळाल्या असतील! पण तारखात्याने एक सोयही केली होती. शुभेच्छांच्या ठरावीक वाक्यांना क्रमांक दिले होते. आपण फॉर्मवर क्रमांक टाकायचा, तारेतून तेवढाच जायचा, आणि पलीकडच्या कचेरीत त्याचं पूर्ण वाक्य होऊन छापील कागदावर घरी पोचायचं. दिवाळीच्या शुभेच्छांचाही त्या यादीत स्वतःचा क्रमांक होता. पाठवणाऱ्याने आखडायचं आणि वाचणाऱ्याला पूर्ण मिळायचं, इतकी सभ्य लघुरूपं नंतर झाली नाहीत. १४ जुलै २०१३ला भारतात शेवटच्या तारा स्वीकारल्या गेल्या.

०००

पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ला इंग्लंडमध्ये गेला. नील पापवर्थ या तरुण अभियंत्याने संगणकावरून तो व्होडाफोनच्या एका अधिकाऱ्याला पाठवला. मजकूर ‘मेरी ख्रिसमस’, पूर्ण लिहिलेला. एकही लघुरूप त्यात नव्हतं.

१६० अक्षरांची मर्यादा त्याच्याही आधीची. जर्मनीत फ्रिडहेल्म हिलेब्रांट १९८५मध्ये टाइपरायटरवर मनात येतील ती वाक्यं आणि प्रश्न टंकत बसले आणि त्यातली अक्षरं मोजत गेले. बहुतेक सगळं १६०च्या आत बसत होतं. पोस्टकार्डं आणि टेलेक्सचे संदेशही साधारण तेवढेच असतात, हा आणखी एक आधार. झालं, जगाने किती बोलावं ते ठरलं.

ते १६० रोमन अक्षरांसाठी होतं. संदेशाला जागा १४० बाइटची, रोमनला अक्षरामागे ७ बिट पुरतात, म्हणून १६०. देवनागरीला १६ बिट लागतात, म्हणून आपल्या वाट्याला आल्या ७० जागा. त्यातही काना, वेलांटी, मात्रा, हलन्त यांची मोजणी वेगळी. ‘नमस्कार’ आपल्या डोळ्यांना चार अक्षरांचा, यंत्राला सात जागांचा. ‘दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा’ या तीन शब्दांत मोकळ्या जागांसह २७ खर्ची पडतात. नाव, गाव, ‘सहकुटुंब सहपरिवार’ घालायला गेलात की दुसरा संदेश सुरू, आणि दुसऱ्याचे पैसे वेगळे. त्यात दिवाळी, नववर्ष असे दिवस मोबाइल कंपन्यांनी ‘ब्लॅकआउट डे’ म्हणून राखून ठेवलेले. त्या दिवशी तुमचं स्वस्तातलं पॅकेज चालायचं नाही, प्रत्येक संदेशाला पूर्ण दर. म्हणजे वर्षात ज्या दिवशी माणसाला मनापासून लांबलचक लिहावंसं वाटतं, त्याच दिवशी अक्षरं सगळ्यात महाग.

मग मराठी रोमनमध्ये गेली. हौसेने गेली असं म्हणणाऱ्यांनी बटणांच्या फोनवर ‘जेवलीस का’ रोमनमध्ये टंकून पाहावं. ‘एस’ सातच्या बटणावर चौथा, म्हणजे एका ‘स’साठी चार टिचक्या. सगळं वाक्य वीस टिचक्यांचं होतं. अंगठ्याने मग आपला मार्ग काढला. स्वर गळाले. मस्तचं तीन व्यंजनांवर भागलं, नाहीचं दोन-तीनवर. आणि कोणा पठ्ठ्याने ‘जेवण’साठी इंग्रजी ‘जे’ लिहून पुढे एकचा आकडा ठेवला. तो ‘वन’ म्हणून वाचायचा. ‘जे१ झालं का?’ आज हा विनोद झालाय, त्यावर मीम निघतात, प्रेमवीरांची टिंगल होते. पण इंग्रजीत ‘ग्रेट’साठी आठचा आकडा वापरला त्याची भाषावैज्ञानिक दखल घ्यायची आणि आपल्या ‘जे१’ला बावळट म्हणायचं, हे काही खरं नाही. आकड्याचा उच्चार इंग्रजीतून, शब्द मराठीतून, प्रश्न आईच्या तोंडचा. त्याला कारागिरीच म्हणावी लागेल.

दरम्यान संगणकावर वेगळीच शाळा भरली होती. १९९६ला मायबोली सुरू झालं, २००४ला मनोगत, २००७ला मिसळपाव. तिथे देवनागरी होती, पैशाचं मीटर नव्हतं, जागेची अडचण नव्हती. तरीही लघुरूपांचं पीक आलं, आणि ते अस्सल मराठी वाणाचं. ‘हहपुवा’, हसून हसून पुरेवाट. ‘हहगलो’, हसून हसून गडबडा लोळलो. ‘पुलेशु’, पुढील लेखनास शुभेच्छा. ‘पुभाप्र’, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. ‘वाखुसा’, वाचनखूण साठवली. ‘प्रकाटाआ’, प्रतिसाद काढून टाकला आहे. ‘भापो’, भावना पोचल्या. इंग्रजी ‘बाय द वे’चं शब्दशः मराठी ‘रस्त्याच्या कडेने’ असं करून त्याचं ‘रच्याकने’ झालं. टपल्या मारून झाल्यावर ‘लाइटली घे’ म्हणायचं, त्या लाइटचा दिवा झाला आणि लोक एकमेकांना ‘दिवा घ्या’ म्हणू लागले. ‘चूभूद्याघ्या’ मात्र नव्याने घडवावं लागलं नाही. चूक भूल द्यावी घ्यावी हे वाण्याच्या चोपडीतून सरळ उठून इथे येऊन बसलं.

मघाशी गदिमांबद्दल जे म्हटलं ते इथे पाहा. ‘हहपुवा’तला ‘पु’ पुरेवाटमधून उकारासकट आलाय. म्हणून तो शब्द म्हणता येतो, त्याला प्रत्यय लागतात, त्याचं क्रियापद होतं. ‘वाचून हहपुवा झाली’ हे वाक्य व्याकरणात चोख बसतं. इंग्रजी शाळेत न गेलेल्या आजीलाही ते म्हणता येतं, फक्त अर्थ सांगावा लागतो. मराठी संकुचित होतेय म्हणून गळा काढणाऱ्यांनी या शब्दांकडे पाहिलेलं नाही. कुठलीही समिती न बसता, कुठलाही कोश न निघता, केवळ टवाळखोरीतून मराठीने गेल्या पाव शतकात इतके चपखल शब्द दुसरीकडे कुठे घडवलेत, ते मला दाखवावेत.

याही शब्दांना धार आहे. ‘पुलेशु’ हा शब्द एकट्याने आला की लेखक खचतो. खाली कथेबद्दल चार ओळी असतील तर ती शुभेच्छा. नुसता ‘पुलेशु’ असेल तर त्याचा अर्थ, वाचलं नाही पण आलो होतो. ‘भापो’ तर त्याहून बेरकी. भांडणात समोरच्याने तीन परिच्छेद लिहिले आणि तुम्ही ‘भापो’ म्हणालात, की त्याची तीनही परिच्छेदांची मेहनत वाया.

०००

जगभर गाजलेल्या दोन लघुरूपांच्या जन्मकथा सांगितल्याशिवाय हा लेख पुरा व्हायचा नाही. ‘ओएमजी’ हे फोनवरच्या पोरींचं पाप आहे अशी सार्वत्रिक समजूत. पण ब्रिटिश नौदलाचे निवृत्त सेनानी लॉर्ड फिशर यांनी ९ सप्टेंबर १९१७च्या पत्रात विन्स्टन चर्चिलना उद्देशून ते वापरलंय, शेजारी कंसात अर्थ देऊन. वय वर्षं ७६. कंसात अर्थ देण्याचं सौजन्य त्यांच्याकडे होतं, हे विशेष. ‘एलओएल’ अमेरिका-कॅनडातल्या १९८०च्या दशकातल्या संगणकी गप्पांतून आलं. १९८९च्या एका नियतकालिकातल्या यादीत ते सापडतं. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाने ही दोन्ही मार्च २०११मध्ये आत घेतली.

त्याच्या पुढच्याच वर्षी लंडनमध्ये वृत्तपत्रांच्या वर्तनाची चौकशी करणाऱ्या लेव्हेसन आयोगापुढे एक साक्ष झाली. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून आपल्याला पाठवलेल्या संदेशांखाली कधी कधी ‘एलओएल’ लिहीत, त्याचा अर्थ ‘लॉट्स ऑफ लव्ह’ आहे असं त्यांना वाटत असे, आणि तो ‘मोठ्याने हसतोय’ असा आहे हे कळल्यावर त्यांनी ते थांबवलं, असं संपादक राहिलेल्या रिबेका ब्रुक्स यांनी शपथेवर सांगितलं. देश हसला. पण कॅमेरून पूर्ण चुकले होते असंही नाही, कारण पत्रांखाली त्या अर्थाने ती अक्षरं लिहिणारेही होतेच. त्यांचा गोतावळा तेवढा चुकला.

आणि आता तर एलओएल लिहिणारा हसतही नसतो. भाषाशास्त्रज्ञ जॉन मॅक्व्होर्टर यांनी २०१३च्या आपल्या व्याख्यानात हे छान दाखवलं: त्या तीन अक्षरांचं हसणं गळून गेलंय आणि उरलीय ती ‘आपण एकाच बाजूचे’ अशी खूण. मराठी बोलण्यात ‘हं’, ‘ना’, ‘बरं का’ जे करतात तेच. ‘ये ना’मधल्या ‘ना’चा अर्थ कोणी कोशात शोधत नाही, पण तो काढला की आमंत्रणाचा हुकूम होतो.

अक्षरं अशी वाहत जातात, म्हणून सगळ्यांचे अर्थ पाठ करून भागत नाही. तायक्वांदोच्या जागतिक महासंघाचं इंग्रजी लघुरूप ‘डब्ल्यूटीएफ’ होतं. चॅटमध्ये त्या अक्षरांना भलताच, शिवराळ अर्थ चिकटला, आणि २०१७मध्ये महासंघाला नावातला शेवटचा शब्द गाळून टाकावा लागला. खेळाची काहीच चूक नव्हती.

‘ओके’वरूनही घराघरांत धुसफूस आहे. हे मुळात १८३९ साली बॉस्टनच्या एका वर्तमानपत्रात आलेलं चेष्टेचं लघुरूप, ‘ऑल करेक्ट’चं मुद्दाम चुकवलेलं स्पेलिंग. त्याचंही आता नुसतं ‘के’ झालंय. मुलगा परगावी आहे, आई विचारते, ‘पोचलास का? जेवून घे. डबा नीट होता ना?’ उत्तर येतं, ‘के’. मुलाच्या लेखी काम झालं. आईच्या लेखी तो रागावलाय. चूक कोणाची? दोघांचीही नाही, पण दुरुस्त मुलानेच करायची. आई पत्रांच्या गोतावळ्यातून आलीय, तिथे उत्तराची लांबी हाच लोभ असायचा.

यावर प्रयोगही झालेत. स्टॅनफर्ड आणि टोरांटोच्या संशोधकांनी २०२४मध्ये आठ प्रयोगांचे निष्कर्ष छापले, ५ हजारांहून अधिक लोक त्यात होते. लघुरूपं वापरणारा माणूस वाचणाऱ्याला कमी मनापासून बोलणारा वाटतो आणि त्याला उत्तरही कमी जातं, असं निघालं. कारण साधं आहे: याने आपल्यासाठी कष्ट घेतले नाहीत, ही भावना. आपली लघुरूपं कोणाला खटकतील असं लिहिणाऱ्यांना मात्र सहसा वाटत नाही. यातलं काही आपल्या आज्यांना नवीन नव्हतं.

मुलांचं स्पेलिंग बिघडतं ही दुसरी भीती. तिच्यात फारसा दम नाही. कॉव्हेन्ट्री विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९मध्ये १० ते १२ वर्षांच्या ८८ ब्रिटिश मुलांची पाहणी छापली, तीत संदेशांत आखूड रूपं जास्त वापरणारी मुलं वाचनात मागे नव्हती, उलट पुढेच होती. शब्द कुठून तोडायचा हे कळायला तो आधी यावा लागतो.

०००

खरी भीती वेगळ्या ठिकाणी आहे. मिरजेत, जिथे दवाखान्यांच्या आसऱ्याने औषधांची दुकानं दाटीवाटीने उभी आहेत, तिथल्या एका काउंटरवर मी काही वेळ उभा होतो. साठीच्या एक मावशी फोन पुढे करत म्हणाल्या, “दादा, हे बघा, पोरानं चिठ्ठीचा फोटो पाठवलाय.” डॉक्टरांच्या अक्षरात तीन गोळ्या. पहिलीपुढे ‘१-०-१’, दुसरीपुढे ‘बीडी’, तिसरीपुढे ‘एसओएस’. मावशींचा आवाज उतरला. “एसओएस म्हणजे लई सिरीस असतंय न्हवं? जहाज बुडताना धाडत्यात ते?” शेजारच्या पोराने त्यांना तसं सांगितलं होतं. दुकानदाराने मान वर न करता पाकिटावर बॉलपेनने लिहिलं: ‘दुखलं तरच’. मग पहिल्यावर ‘सकाळी एक, रात्री एक’, आणि दुसऱ्यावरही तेच. बीडी म्हणजे दिवसातून दोनदा. एसओएस हे लॅटिनमधून आलंय, ‘गरज पडल्यास’. डॉक्टर आणि दुकानदार यांच्यातली ही कुजबुज पूर्वी कागदावर राहायची, आता फोटो होऊन सगळ्या घरात फिरते. तिला मराठी करणारा माणूस काउंटरपलीकडे आहे तोवर ठीक आहे.

वैद्यकातल्या लोकांना हा धोका माहीत आहे. अमेरिकेत रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४मध्ये ‘वापरू नये’ अशा लघुरूपांची यादीच काढली. युनिटसाठी लिहिलेला ‘यू’ त्यात आहे, कारण तो घाईत शून्यासारखा दिसतो आणि इन्सुलिनचे चार युनिट वाचणाऱ्याला चाळीस वाटू शकतात. तेव्हा घरच्या ग्रुपवर औषधाचा डोस टाकताना आकडा, वेळ आणि ‘जेवणाआधी की नंतर’ हे सगळं शब्दांत लिहावं. इथे आखडून वाचणार काय, तर चार सेकंद.

वेळेचंही तसंच. हिंजवडीत काम करणाऱ्या कोणालाही ‘ईओडी’ विचारा. दिवस संपेपर्यंत, बरोबर. पण कोणाचा दिवस? शिकागोत उन्हाळ्यात संध्याकाळी ५ वाजता दिवस संपतो, तेव्हा पुण्यात पहाटेचे साडेतीन झालेले असतात आणि तारीखही पुढची. दोन ऑफिसं चार महिने एकमेकांना आळशी समजत होती आणि घोळ या तीन अक्षरांचा होता, असे किस्से तिथे चहाच्या टपरीवर ऐकायला मिळतात. ‘शुक्रवारी सकाळी ११ पर्यंत, भारतीय वेळेनुसार’ असं लिहायला कोणाचीच हरकत नसावी.

आणि मरण. जुन्या काळी निधनाच्या कार्डावर अनेक घरांत वर ‘अशुभ’ असं लिहीत, म्हणजे हातात घेणाऱ्याचं मन तयार व्हावं. आज ग्रुपवर बातमी येते आणि खाली धबधबा लागतो: ‘आरआयपी’, ‘आरआयपी’, ‘भा. श्र.’, मध्येच कोणाचं तरी भलत्याच माणसाला ‘एचबीडी’, पुन्हा ‘आरआयपी’. ही अक्षरं वसईच्या किंवा गोव्याच्या ख्रिस्ती दफनभूमीत आपल्या जागी आहेत, तिथे त्यांच्यामागे प्रार्थना उभी आहे. आमच्या आळीतल्या गेलेल्या माणसाखाली ती येतात ती केवळ बोटाला सोपी म्हणून. धर्मावरून त्यात वाद घालण्यात मला रस नाही. माझी तक्रार आळसाची आहे. आजचे कीबोर्ड ‘भाव’ लिहिल्यावर ‘भावपूर्ण’ स्वतःच सुचवतात, जागेची मर्यादा उरलेली नाही, संदेशामागे पैसे पडत नाहीत. तरीही ज्याला दोन शब्द पूर्ण लिहिता येत नाहीत, त्याने गप्प बसावं. गेलेल्याच्या घरच्यांना ते जास्त बरं वाटेल.

बाकी गप्पांत, टवाळीत, मित्रांत मनसोक्त आखडा. ‘रच्याकने’ लिहा, ‘हहपुवा’ व्हा, ‘जे१’ विचारा. समोरच्याला कळलं नाही असं वाटलं तर लॉर्ड फिशरांसारखा कंसात अर्थ द्या. आणि आपल्याला कळलं नाही तर सरळ विचारा, त्यात कमीपणा नाही. ब्रिटनच्या पंतप्रधानांनी वेळेवर विचारलं असतं तर त्यांचा एक मनस्ताप वाचला असता.

वाचकांना एक विनंती. दिवाळीची आवराआवर करताना पत्रांची ती तार हाताला लागतेच. रद्दीवाल्याला देण्याआधी घरातल्या जाणत्या माणसाला घेऊन बसा आणि त्यातल्या लघुरूपांचे अर्थ, कोणाला काय लिहायचे आणि का, हे विचारून पेन्सिलीने कागदामागे टिपून ठेवा. ‘शि.सा.न.वि.वि.’ सहज वाचणारी पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. त्याच बैठकीत नातवंडांकडून त्यांच्या फोनमधल्या दहा-बारांचे अर्थही लिहून घ्या. ती तर आणखी लवकर बदलतात.